छत्री, खुराडं, घंगाळ आणि इंदू

॥ श्री ॥
कर्जत,
ता. ११ जून १९७२

तीर्थस्वरूप दादास,
नीलांबरीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

मी आणि इंदू, दोघी सुखरूप पोचलो. मी नगर स्टँडावरच्या कंट्रोलरची बहीण आहे हे कळल्यावर ड्रायव्हरने आम्हाला पुढची जागा दिली आणि मिरजगाव येईपर्यंत तुझ्या तक्रारी सांगितल्या. मला त्या सगळ्या पटल्या. मुक्तावहिनींनी दिलेले सांडगे धड पोचले. लोणच्याच्या बरणीने मात्र पिशवीशी सोयरीक केली.

इथे पाण्याचे हाल आहेत. आड तळाला गेलाय, दोन घागरींसाठी सकाळचा तास जातो. माणसं खडी फोडायच्या कामावर निघाली आहेत, त्यामुळे शाळा उघडल्यावर वर्गात निम्मीच मुलं असतील असं हे म्हणतात.

आता मुद्द्याचं. परवा मी भाकऱ्या थापत होते आणि इंदू परातीशेजारी बसून सांडलेल्या पिठात बोटाने बदकं काढत होती. मान वर न करता तिने विचारलं, की मामा पुष्पाताईला सांगतात, तू स्टँडावरच्या हरवल्या-सापडल्याच्या खोलीत एका छत्रीबरोबर सापडलीस, तीन महिने दोघींना न्यायला कुणी आलं नाही म्हणून दोघींना घरी आणलं. किशनदादाला सांगतात, तू जामखेडच्या गाडीच्या टपावर कोंबड्यांच्या खुराड्यात होतास, म्हणून पहाटे उठून ओरडतोस. तुला सांगतात, आजोबांनी गळकं घंगाळ देऊन तुला कल्हईवाल्याकडून घेतलं. मग मला कुठून आणलं ते का नाही सांगत?

भाकरी तव्यावर करपली. मी म्हटलं, मामा विसरले असतील. त्यावर ती म्हणाली, की मामा मांजराची गोष्ट सांगायलासुद्धा विसरले नाहीत.

तुला आठवत असेल, साडेसात वर्षांपूर्वी तिसगावहून तिला घेऊन आम्ही पहिल्यांदा तुझ्या दारात उतरलो, तेव्हा वहिनींनी तुझा हात तपकिरीच्या डबीवर ठेवून शपथ घ्यायला लावली होती, की या पोरीशी ही एक थट्टा कधी करायची नाही. घरातल्या बाकीच्या पोरांची ती थट्टा होती, हिचं मात्र खरं होतं. तू शपथ पाळलीस. आम्हीही दत्तकाचा शब्द घरात कधी उच्चारला नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता पोरगी तिसरीत गेली.

शेजारच्या छबूबाई तर टपूनच आहेत. मागच्या हळदीकुंकवाला इंदूच्या हनुवटीला हात लावून त्या म्हणाल्या, की नाक कुणाकडचं म्हणायचं हे. मी त्यांच्या तोंडात तिळाची वडी घातली म्हणून पुढचं राहिलं. दर वेळी वडी कुठून आणू?

सांगून टाकावं असं ह्यांचं मत. मलाही कळतं. पण दादा, ती दिवसातून शंभरदा आई म्हणून हाक मारते, निम्म्या वेळा काही काम नसताना. सांगितल्यावर ती हाक तशीच राहील का, एवढीच धास्ती आहे. बाकी मी कुणाला भीत नाही हे तू जाणतोसच. छबूबाईंनासुद्धा नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच. त्यातला थोडा उलट टपाली शहाणपणाच्या रूपाने पाठवावा.

तुझी,
नीलू


॥ श्री ॥
अहमदनगर,
ता. १६ जून १९७२

चि. सौ. नीलूस,
मार्तंडाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. ड्रायव्हरचं नाव तेवढं कळव. त्याला महिनाभर मुक्कामाच्या गाडीवर टाकतो, म्हणजे तक्रारींना नवा मालमसाला मिळेल.

तुझं पत्र मुक्ताला वाचून दाखवलं. जन्मात मी एकच शपथ धडपणे पाळली आणि तीच अंगाशी आली. मी बोललो त्यातून कुणाचं काही बिघडलं नाही, आणि जिथे गप्प बसलो तिथेच सगळं फुटलं. मुक्ताचं म्हणणं, हे तत्त्वज्ञान माझ्या स्वभावाला फारच सोयीचं आहे. असेल. पण पंगतीत एकाच पानावर लाडू वाढला नाही, तर सगळ्यांना आधी तेच पान दिसतं. आपण पोरीच्या पानावर लाडू वाढायचा विसरलो नाही, मुद्दाम टाळला, आणि ते तिला कळलं. पोरगी हुशार आहे. कुणावर गेली कोण जाणे. तुझ्यावर तर नक्कीच नाही.

तेव्हा आता सांग. छबूबाईंच्या आधी सांग. दार लावून, समोर बसवून, डोळ्यांत पाणी आणून सांगू नकोस, नाहीतर घरात कुणी गेलं असं तिला वाटेल. तांदूळ निवडायला घे, तिलाही चार दाणे दे, आणि हात चालू ठेवून सांग. आणखी एक. सुमंतराव फार चांगले मास्तर आहेत, म्हणूनच काळजी वाटते. त्यांच्या हाती खडू लागू देऊ नकोस.

तुझ्या धास्तीची मात्र थट्टा करत नाही. सहा वर्षांची होतीस, तेव्हा आपल्या अण्णांचं ते घंगाळाचं बोलणं खरं मानून तू त्या कल्हईवाल्याच्या भात्याशेजारी जाऊन बसलीस. आई घरी चल म्हणाली तर म्हणालीस, की आधी ह्यांना विचारा. तो बिचारा घाबरून भाता टाकून उठला. पण भूक लागल्यावर हाक कुणाला मारलीस? पोरांची हाक गुरासारखी असते बघ. सांजेला आपला गोठा चुकत नाही.

मुक्ताचे आशीर्वाद. काय झालं ते सविस्तर लिही. लोभ असू दे, आणि सांडगे संपले असतील तर तेही लिही.

तुझा,
दादा


॥ श्री ॥
कर्जत,
ता. १ जुलै १९७२

तीर्थस्वरूप दादास,
नीलांबरीचा शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. आणि जे झालं ते वाचून तू हसशील. हसून झालं की लाज वाटून घे, कारण सगळा दोष तुझा आणि अण्णांचा आहे.

आधी ह्यांचं ऐक. मी नको म्हणत असताना ह्यांनी चक्क पाठाचं टाचण काढलं. विषय, उद्दिष्ट, प्रस्तावना, साहित्य, सगळं समासात आखून. साहित्य म्हणून वांग्याची दोन रोपं आणली आणि इंदूला परसात नेऊन समजावलं, की रोप एका वाफ्यात उगवतं, मग ते दुसऱ्या वाफ्यात लावतात, तिथे ते मूळ धरतं, आणि मग ते त्याच वाफ्याचं होतं. यावरून तुला काय बोध झाला असं विचारल्यावर इंदू म्हणाली, की प्यायला पाणी नसताना वांगी लावू नयेत. ह्यांनी टाचण घडी करून खिशात ठेवलं. तपासनीस आले नव्हते हेच नशीब.

मग मी तुझ्या पद्धतीने गेले. तांदळाचं सूप मांडीवर घेतलं, तिला थोडे दाणे दिले, आणि खडे काढता काढता सांगितलं, की तू माझ्या पोटी जन्मली नाहीस. तिसगावच्या एका आईच्या पोटी जन्मलीस, ती वारली, तुझ्या जन्मदात्या वडिलांनी तुला माझ्या ओटीत दिलं, आणि तेव्हापासून तू आमची. माझा आवाज हलला नाही. तांदूळ मात्र सांडले.

दादा, तिने टाळ्या पिटल्या! म्हणाली, की अखेर माझं पण निघालं. मला वाटलं, मामांना माझ्यासाठी काही सुचतच नाहीये. आणि मी उठून तिला धरायच्या आत उड्या मारत छबूबाईंच्या ओट्यावर गेली आणि सांगून आली, की मला तिसगावहून आणलंय. इतकी वर्षं छबूबाईंनी जे तोंडात धरून ठेवलं होतं, ते पोरगीच त्यांना सांगून मोकळी झाली. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. जपून ठेवलेला बेसनाचा लाडू मांजराने खाल्ल्यासारखा. शाळेतही सांगितलं. बाईंनी ह्यांना गाठून विचारलं, तर हे म्हणाले, की पाठ अजून पूर्ण व्हायचा आहे.

आता मी काय करू? आपल्या घरात खरं सांगायची सोयच उरलेली नाही. तीन दिवस मी हसते आहे आणि आतून पोखरली जाते आहे. काल सकाळी वेणी घालताना तिने विचारलं, की पुष्पाताईबरोबर छत्री आली, तुझ्यासाठी घंगाळ दिलं, मग मला कशाच्या बदल्यात घेतलं? मी रिबन शोधायच्या निमित्ताने आत गेले.

उद्या मोठी झाल्यावर तिला कळलं, की तांदूळ निवडताना आई खरंच बोलत होती आणि आपण टाळ्या पिटल्या, तर ते तिला किती लागेल? तेव्हा हे तूच निस्तर. घरातला खोटारडा म्हणून तुझी ख्याती आहे. तू जर खरं म्हणालास तर ती मानेल. तिच्या नावाने पत्र लिही. एकही थट्टा न करता. जमेल का रे?

लोभ आजवर आयता मिळाला. या वेळी तो कामाला लावावा.

तुझी,
नीलू


॥ श्री ॥
अहमदनगर,
ता. ८ जुलै १९७२

चि. इंदूस,
मार्तंडमामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र थट्टेचं नाही. ही ओळ पुन्हा वाच आणि मगच पुढे जा. तुझी मुक्तामामी शेजारी बसली आहे. माझी तपकिरीची डबी तिने काढून घेतली आहे. पत्र खरं खरं लिहून झाल्याशिवाय ती मिळणार नाही. मला आत्ताच शिंक येईनाशी झाली आहे, यावरून ओळख.

आधी खोटं कुठलं ते सांगतो. पुष्पा स्टँडावर सापडलेली नाही. ती इथे नगरलाच झाली आणि मी दवाखान्याच्या व्हरांड्यात चार तास फेऱ्या घालत होतो. छत्री माझीच आहे. किशन खुराड्यात नव्हता. तो पहाटे ओरडतो हा त्याचा स्वभाव. मांजर मात्र आपल्या पायांनी आलं, ते खरं.

आता तुझं. आईने तांदूळ निवडताना तुला जे सांगितलं ते अक्षरशः खरं आहे.

तुझे बाबा तेव्हा तिसगावच्या शाळेत होते. दोन घरं सोडून आसाराम नावाचे शेतकरी राहायचे. त्यांच्या बायकोचं नाव रंगुबाई. तिने तुला जन्म दिला आणि सहाव्या दिवशी ती तापाने गेली. घरात आधीची तीन लहान पोरं आणि दुसरी बाईमाणूस नाही. तुझी आई रोज सकाळी तुला घरी आणायची, शेळीचं दूध कापसाच्या बोळ्याने पाजायची आणि दिवस मावळताना परत नेऊन द्यायची. अशी नेआण दीड महिना चालली. मग तुला परत नेऊन देताना तुझी आई रडायची आणि तिला सोडताना तू रडायचीस. आसारामांनी हे पाहिलं.

ठरलं त्या दिवशी मी रजा टाकून मुक्तामामीसह तिसगावला गेलो होतो. आसारामांनी तुला दोन्ही हातांनी तुझ्या आईच्या पदरात ठेवलं. मोठ्या माणसांनी कागदही केला, तो तुझ्या बाबांच्या पेटीत आहे. मी सवयीने बोलून गेलो, की याच्या बदल्यात काय द्यायचं. मुक्तामामीने मला कोपर मारलं. आसाराम म्हणाले, की लेकीच्या बदल्यात काय बी घ्यायचं नसतं, साळा शिकवा म्हंजी झालं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे, इंदू. तुझ्यासाठी छत्री नाही, भांडं नाही, काही नाही.

सगळे लगेच खूश झाले असं नाही. आमच्या आक्काबाई आत्या सहा महिने तुमच्या घरी पाणी प्यायल्या नाहीत. सातव्या महिन्यात तू रांगत जाऊन त्यांचा चष्मा ओढलास आणि तो चोखलास. त्यानंतर त्या जेवूनच गेल्या.

आसाराम पुढे मुलांना घेऊन साखर कारखान्याकडे कामाला गेले. त्यांचा पत्ता बाबांकडे आहे. तुला कधी वाटलं तर आपण जाऊ. एस.टी.चा पास माझ्याकडे आहे. वाटलं नाही तर नाही जायचं. घाई नाही, गाडी रोज असते.

काही विचारायचं असेल तर विचार. खरं तेच सांगेन. आईला जप. लोभ तुझा आमच्यावर असावा, आमचा तर तू रांगत होतीस तेव्हापासून आहे.

तुझा,
मामा

(वाचले. एकही शब्द बनावट नाही. डबी परत दिली. मुक्ता)


॥ श्री ॥
कर्जत,
ता. १३ जुलै १९७२

तीर्थस्वरूप दादास,
नमस्कार. वि. वि.

पत्र मंगळवारी आलं. इंदूने ओट्यावर बसून दोनदा वाचलं. वहिनींची सही बोटाने चाचपली. घडी घातली, दप्तरात ठेवलं आणि विचारलं, की रंगुबाई कशी दिसायची. मी सांगितलं, की उंच होती, हसताना तोंडावर हात धरायची. तिने मान हलवली.

रडली नाही, रुसली नाही. जेवते, शाळेत जाते, दोन घागरींसाठी माझ्याबरोबर आडावर उभी राहते. पण दादा, मंगळवारपासून तिने मला हाक मारलेली नाही. भूक लागली म्हणते, माझी पाटी कुठंय म्हणते, कुणाला म्हणते ते म्हणत नाही. हे सांगतात, थांब, मूळ धरायला वेळ लागतो. मी म्हटलं, ते वांग्याचं राहू द्या.

गोठा चुकत नाही असं तू लिहिलं होतंस. दोन संध्याकाळी झाल्या. मी दाराशीच आहे.

आज थट्टा सुचत नाही. तुला सुचली तर पाठव.

नीलू


॥ श्री ॥
कर्जत,
ता. १७ जुलै १९७२

तीर्थस्वरूप मामांस,
इंदूचा शि. सा. न. वि. वि.

मी हे पत्र स्वतः लिहीत आहे. बाबा शुद्धलेखन तपासू का म्हणाले. मी नको म्हटलं, कारण ते लाल शाईने तपासतात.

तुमचं पत्र मिळालं. मामींची सही आहे म्हणून मी खरं मानलं.

मी रागावले नव्हते. मी विचार करत होते. मला वाटलं, रंगुबाई पण आई आहे, मग मी हिला आई म्हटलं तर तिला वाईट वाटेल का. आणि नाही म्हटलं तर हिला वाईट वाटेल. म्हणून ठरेपर्यंत कुणालाच काही म्हणायचं नाही असं मी ठरवलं होतं. आज ठरेल, उद्या ठरेल असं वाटायचं, पण ठरत नव्हतं.

काल रविवारी आमच्या गल्लीत कल्हईवाला आला. त्याने खड्डा केला आणि भाता लावला. आई दोन पातेली आणि परात घेऊन गेली. मी पण गेले. तो खूप म्हातारा आहे. मी त्याला विचारलं, की तुम्ही गळकं घंगाळ घेऊन एक मुलगी दिली होती का. तो हसला आणि म्हणाला, की दिली असंल बया, लई वर्सं झाली, कुठं हाय ती, बगू तरी. आणि त्याने आईकडे बघितलं.

मामा, तुम्ही पत्रात पुष्पाताईचं खोटं म्हणून लिहिलं. किशनदादाचं खोटं म्हणून लिहिलं. मांजराचं पण लिहिलं. आईचं खोटं आहे असं कुठेच लिहिलं नव्हतं. मी घरी येऊन पुन्हा वाचून बघितलं. खरंच नाही लिहिलेलं.

म्हणून मला वाटलं, तो आता आईला परत मागणार. मी आईचा पदर धरला आणि जोरात ओरडले, आई घरात चल, आई लवकर चल. खूपदा ओरडले. किती ते माहीत नाही. आई म्हणते सात वेळा. ती मोजत होती म्हणे. मला ते विचित्र वाटलं.

आई खाली मातीतच बसली. आधी रडली आणि मग इतकी हसली की छबूबाई बाहेर आल्या. त्यांनी विचारलं, की काय झालं. आई म्हणाली, की काही नाही, मुलीने हाक मारली. छबूबाई म्हणाल्या, की एवढंच होय, आणि आत गेल्या. कल्हईवाला घाबरून म्हणाला, की म्या काय केलं न्हाई. आईने त्याला चहा दिला. पातेली चांदीसारखी झाली आहेत. परात राहिली.

मग आईने सांगितलं, की कल्हईवाल्याचं पण खोटंच आहे, ते आजोबांनी बनवलं होतं. मी तिला म्हटलं, की कुणी मागायला आलं तरी मी तुला देणार नाही. ती म्हणाली, की ती पण मला देणार नाही. आणि रंगुबाईला वाईट वाटणार नाही, असं ती म्हणाली. दीड महिना आई मला रोज दूध पाजत होती, तेव्हा तिने मनात रंगुबाईला विचारलं होतं.

बाबांनी वांग्याची रोपं जगवली आहेत. तोंड धुतलेलं पाणी घालतात. मी पण घालते.

मोठी झाल्यावर मी तुमच्याबरोबर कारखान्याला येईन. आई पण येणार आहे. तिचा पास काढा.

पुष्पाताईला सांगा, की आपल्या घरात खरोखर कुठून तरी आणलेली मी एकटीच आहे. तिने छत्रीचा तोरा आता मिरवू नये.

शेवटी लोभ असावा असं लिहायचं असतं असं आई म्हणाली. असावा.

तुमची भाची,
इंदू

ता. क. दिवाळीत आम्ही नगरला येणार आहोत. तोपर्यंत मला चिडवायला दुसरं काहीतरी शोधून ठेवा. हे खरं निघालं, त्यामुळे चालणार नाही.